विभावरी शिरूरकर : टोपणनावामागच्या बाई



स्मरणिकेसाठी प्रत्येकीने आपल्या आवडीच्या विषयावर चार पाने लिहावीत असे मंडळात ठरले. पाककृती, विणकाम, मुलांचे आजार हे विषय आपल्यातल्या जाणत्या भगिनींनी आधीच घेतले आहेत आणि ते त्यांना शोभणारेही आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भूकंपाच्या साली, म्हणजे १९९३ साली, लातूरला सातवी झाली आणि शाळा सुटली. पुढे नांदेडच्या घरात आले. पण वाचायची सवय काही सुटली नाही, आणि त्यातही कादंबऱ्यांची, आणि खरे सांगायचे तर प्रेमाच्या कादंबऱ्यांची. तेव्हा मराठीत बायकांनी प्रेमाच्या गोष्टी लिहायला सुरुवात कशी केली, आणि त्यातल्या एका बाईंना त्यासाठी काय करावे लागले, ती हकीकत मी येथे देते.

आजकाल दूरदर्शनवर आणि मोबाइलवर प्रेमाच्या गोष्टींना तोटा नाही. त्यामुळे कुणाला वाटेल, यात कसला आला आहे इतिहास? पण एखाद्या मुलीच्या मनात काय चालते हे मुलीनेच कागदावर उतरवणे, ही गोष्ट आपल्या भाषेत फार उशिरा घडली, आणि घडली तेव्हा मोठे वादळ उठले.

मराठीत स्त्रीने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून साळूबाई तांबवेकर यांच्या ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ या पुस्तकाचे नाव घेतात. साल १८७३. नावातच विरह आहे, हे लक्षात घ्या. मात्र तो काळ राजकन्या, राजपुत्र आणि अद्भुत प्रसंगांचा. शेजारच्या वाड्यातल्या मुलीचे मन त्या काळच्या पुस्तकात यायचे नव्हते.

ते आणण्याचा प्रयत्न काशीबाई कानिटकरांनी केला. काशीबाईंचा जन्म १८६१ चा. वयाच्या नवव्या वर्षी लग्न झाले. नवरा, गोविंदराव, इंग्रजी शिकणारा. त्याला शिकलेली बायको हवी. पण घरात सासरची इतकी माणसे, की सुनेच्या हातात पुस्तक दिसले तर दिवसभर टोमणे. अशा घरात चोरून अक्षरे गिरवून ही बाई शिकली, आणि एवढी शिकली की डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे चरित्र तिने लिहिले. त्यांची ‘रंगराव’ ही कादंबरी पुस्तकरूपाने निघाली १९०३ साली. तेव्हा काशीबाईंचे वय बेचाळीस होते. माझ्यासारख्या चाळिशी ओलांडलेल्या बाईला हा आकडा वाचून किती बरे वाटले, ते काय सांगू!

आता त्याच काळातली दुसरी गोष्ट पाहा. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून त्यांच्या ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येऊ लागली. ती सगळी यमू नावाच्या मुलीने स्वतः सांगितलेली हकीकत आहे. माहेर, सासर, लग्न, नवऱ्याचे प्रेम, वैधव्य, सारे तिच्या तोंडून. घरोघरच्या बायका ती वाचून रडल्या. मीही रडले आहे. हरिभाऊंचे मोठेपण मी कमी करीत नाही. काशीबाईंचे आणि त्यांचे स्नेहाचे संबंध होते आणि बायकांच्या घरातल्या गोष्टी त्यांनी मनापासून समजून घेतल्या, हे दिसतेच. पण एका पुरुषाने बाई होऊन लिहिले, खाली आपले नाव घातले, आणि त्याचा गौरव झाला. हे ध्यानात ठेवा. कारण पुढे चाळीस-बेचाळीस वर्षांनी एका बाईने बाई म्हणूनच लिहिले, तेव्हा तिला आपले नाव झाकावे लागले.

त्या बाई म्हणजे बाळूताई खरे.

बाळूताईंचा जन्म १९०५ चा. वडील अनंतराव खरे हे पुणे जिल्ह्यातील शिरूर, ज्याला घोडनदी असेही म्हणतात, तेथे मास्तर. मुलींना शिकवायचे हा त्यांचा ध्यास. त्या काळात मुलगी बारा वर्षांची झाली की आईबापांची झोप उडे. खरे मास्तरांनी मुलीला हिंगण्याला, महर्षी कर्व्यांच्या संस्थेत पाठविले. कर्व्यांची ती संस्था १८९६ साली विधवांच्या आश्रमापासून सुरू झाली होती आणि १९१६ साली त्यांनी महिलांचे विद्यापीठही काढले होते. तेथे मराठीतून उच्च शिक्षण मिळे. पदव्यांची नावेसुद्धा मराठी: गृहीतागमा आणि तिच्यावरची प्रदेयागमा. बाळूताईंनी या दोन्ही पदव्या मिळविल्या आणि त्याच संस्थेच्या शाळेत मुलींना शिकवू लागल्या. पुढे त्यांनी आपल्या वडिलांवर ‘खरेमास्तर’ नावाचे पुस्तक लिहिले, ते १९५३ साली निघाले. बापाने मुलीसाठी काय सोसले हे मुलीने लिहिलेले, असे ते पुस्तक आहे. लेकींच्या शिक्षणासाठी जे वडील भाऊबंदांशी भांडत असतील, त्यांना ते जरूर वाचायला द्यावे.

शाळेत शिकवता शिकवता बाळूताईंनी जे पाहिले ते असे. मुली शिकल्या, पदव्या घेतल्या, नोकरीला लागल्या. पण लग्न? शिकलेली मुलगी नको, वय वाढलेली नको, हुंडा न देणारी नको. दुसरीकडे, घरात तिचा पगार येऊ लागला की आईबापांनाही तिच्या लग्नाची घाई राहीना. धाकट्या भावंडांच्या फिया भरायच्या, घरभाडे द्यायचे. मुलगी पंचविशी ओलांडते, तिशीकडे जाते. तिच्याही मनात कुणी भरते, तिलाही आपले घर हवेसे वाटते. पण हे बोलायचे कुणाजवळ? बोलली तर निर्लज्ज.

हे सगळे तिने कथांतून लिहिले. १९३३ साली ह. वि. मोटे यांनी ते पुस्तक प्रसिद्ध केले. नाव ‘कळ्यांचे निःश्वास’. लेखिकेचे नाव छापले विभावरी शिरूरकर. शिरूर हे गाव तर तिचे होतेच. विभावरी म्हणजे रात्र. तारे असलेली रात्र म्हणा, की काळोखात लपायला मिळते म्हणून रात्र म्हणा, ज्याने त्याने ठरवावे.

त्या पुस्तकातल्या एका कथेचे नाव आहे ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ त्या प्रश्नात सारे आले. मिळवती मुलगी बापाचा संसार चालविते, पण तो संसार तिचा नव्हे. हे वाक्य आज नांदेडच्या कुठल्याही गल्लीत जाऊन विचारा, निदान एका घरात तरी त्याचे उत्तर द्यायला माणूस तोंड चुकवील. आमच्या लातूरला शिकवण्यांचे एवढे मोठे पेठ झाले आहे, मुली दूरदूरहून शिकायला येतात, डॉक्टर होतात. तरी हा प्रश्न काही पुरता मिटलेला नाही.

पुस्तक निघाले आणि पुण्यात गदारोळ झाला. कुमारिका असे लिहितात? प्रेमाची, शरीराची भूक असते असे उघड म्हणतात? टीकेचे लेख आले, निषेध झाले. काहींनी मात्र मनापासून वाखाणले. पण सर्वांत जास्त चर्चा कशाची झाली असेल, तर ही बाई कोण याची. कोणी म्हणे, हे पुरुषानेच लिहिले असणार, बाईला इतके धाडस कुठले! जो तो ओळखीपाळखीतल्या शिकलेल्या बायकांकडे संशयाने पाहू लागला. आणि ती बाई शाळेत फळ्यापुढे उभी राहून मुलींना शिकवीत होती!

येथे एक आपल्या घरची गोष्ट सांगते, कुणी राग मानू नये. मागच्या स्मरणिकेच्या वेळी आपल्याकडे एक कथा आली होती. पाकिटावर नाव नव्हते, आत फक्त ‘एक भगिनी’ एवढेच. नवरा परगावी कामाला असलेल्या एका बाईची गोष्ट होती, आणि तिला कुणाशी बोलावेसे वाटते, एवढाच काय तो त्यात ‘गुन्हा’. भाषा साधी, पण मनाला लागणारी. बैठकीत ती वाचली गेली. आणि काय आश्चर्य, कथा कशी आहे यावर कुणी बोललेच नाही. अक्षर कुणाचे? कुणाचा नवरा पुण्याला आहे? त्या अमक्या वहिनींची जाऊ तर नव्हे? असा अर्धा तास गेला. मी आणि आणखी एक भगिनी छापावी या मताच्या होतो, पण मते दोनच पडली आणि कथा बाजूला ठेवली गेली. ज्या कुणी लिहिली असेल तिने पुन्हा काही पाठविले नाही. १९३३ साली पुण्यात जे झाले तेच आपल्या चटईवर झाले, एवढेच मला म्हणायचे आहे. गोष्ट वाचायची सोडून माणसे बाई शोधीत बसतात.

आता कोणी म्हणेल, बाळूताईंनी नाव झाकले ही भीती झाली, धैर्य कुठले? मला तसे वाटत नाही. नोकरीवर घर चालते, संस्थेचे नाव गुंतलेले, वडील मास्तर, मागे बहिणी. आपल्या लिहिण्याचा दगड त्यांच्या कपाळी बसू नये असे वाटणे, याला भित्रेपणा म्हणू नये. आणि भित्री बाई एका वादळानंतर लेखणी मोडून टाकती. बाळूताईंनी काय केले? पुढच्याच वर्षी, १९३४ साली, ‘हिंदोळ्यावर’ ही कादंबरी दिली, आणि ती पहिल्या पुस्तकाहून तिखट! तिच्यातली अचला ही नवऱ्यापासून दुरावलेली शिकलेली बाई. तिचे दुसऱ्या पुरुषावर प्रेम बसते आणि लग्नाचा शिक्का नसताना त्याच्याबरोबर राहण्याचे ती ठरविते. तिला मूलही हवे असते. १९३४ साल, लक्षात घ्या. हिंदू बाईला घटस्फोटाचा कायदा मिळाला १९५५ साली. म्हणजे कायद्याने जी वाट उघडली नव्हती, तिच्यापुढे उभी राहून ही नायिका विचार करते. अचलेने केले ते सगळे मला पटते असे नाही. पण ती जो विचार करते तो खोटा आहे असे म्हणता येत नाही, आणि कादंबरीचे काम तेच असावे.

त्यानंतर १९३५ साली ‘विरलेले स्वप्न’. मला विचाराल तर ही त्यांची सर्वांत गोड आणि सर्वांत कडू कादंबरी. एक रोहिणी, एक विश्वास, आणि दोघांच्या रोजनिशा. तिची रोजनिशी वाचावी तेव्हा वाटते हिचेच खरे. त्याची वाचावी तर वाटते त्याचेही काही चूक नाही. दोघे शिकलेले, दोघांचे प्रेम खरे, मध्ये कुणी खलनायक नाही, दुष्ट सासू नाही, श्रीमंत प्रतिस्पर्धी नाही. तरी स्वप्न विरते. माणसे एकमेकांवर प्रेम करतात आणि तरीही एकमेकांना समजत नाहीत, हे एवढ्या साध्या रीतीने सांगितलेले मी दुसरीकडे वाचले नाही.

हे किती वेगळे होते ते कळायला त्या वेळी चालणाऱ्या इतर कादंबऱ्या डोळ्यांपुढे आणाव्या लागतील. तो काळ प्राध्यापक ना. सी. फडक्यांचा. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवीत आणि प्रेमाच्या कादंबऱ्या लिहीत. ‘दौलत’ १९२९ ची, ‘अटकेपार’ १९३१ ची. कादंबरी कशी लिहावी यावर ‘प्रतिभासाधन’ नावाचे पुस्तकही त्यांनी १९३१ सालीच लिहिले. सुंदर भाषा, सुंदर नायिका, टेनिस, मोटारी, बागा, वळणावळणाचे कथानक. तरुण पिढी वेडी झाली होती. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, १९६२ साली पद्मभूषण मिळाले. त्यांच्या कादंबऱ्या मी आवडीने वाचते, दुपार कशी जाते कळत नाही. मात्र त्यांच्या नायिकेला पोळ्या लाटताना किंवा महिनाअखेरीला पैसे मोजताना मी तरी पाहिले नाही. विभावरीबाईंच्या नायिका पगार मोजतात, भावाच्या फीचा हिशेब करतात आणि मग प्रेमाचा विचार करतात. दोघेही प्रेमावरच लिहीत होते. एकाचे नाव वेष्टणावर मोठ्या अक्षरांत होते आणि दुसऱ्याच्या वेष्टणावर खोटे नाव होते.

तेव्हा आपल्या मराठवाड्यात काय चालले होते, हा प्रश्न साहजिक आहे. १९३३ साली आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. राज्यकारभार उर्दूत, वरचे शिक्षण उर्दूत; उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमाचे म्हणून निघाले. मराठी शिकायचे तर खाजगी शाळा शोधायची, आणि तीही मुलासाठी. मुलींच्या वाट्याला ओव्या, पोथ्या आणि हरिपाठ. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव. जिल्हा झाला तो १९८२ साली. पुण्याकडून लातूरला यायचे तर कुर्डुवाडी-बार्शीवरून येणारी ती लहान रुळांची गाडी. ती १९११ साली लातूरपर्यंत आली. नांदेडला हैदराबाद-मनमाड गाडी. गुळाच्या ढेपी, कापसाचे गठ्ठे आणि सरकी यांनी भरलेल्या त्या गाड्यांतूनच पुण्या-मुंबईचे एखादे मासिक, एखादे पुस्तक आपल्याकडे पोचायचे तर पोचे. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले, १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, आणि मग कुठे मुली पुस्तक उघडपणे हातात घेऊ लागल्या. म्हणजे पुण्याच्या बायका ‘कळ्यांचे निःश्वास’वर भांडत होत्या, तेव्हा आपल्या आज्या-पणज्या त्या भांडणातही नव्हत्या. त्यांचे निःश्वास जात्यावरच विरले. जात्यावर त्यांनी जे गाइले ते मात्र कुणाच्या परवानगीने नव्हे, हेही खरे.

पुन्हा बाळूताईंकडे वळू.

तीन पुस्तके झाली, नाव अजून झाकलेले, आणि बाई पुणे सोडून सोलापूरला गेल्या. १९३६ साल. सोलापूर आपल्या लातूरचे शेजारी. तेथे इंग्रज सरकारने तथाकथित गुन्हेगार जमातींना तारेच्या कुंपणात ठेवले होते. जन्माला आलेले मूलसुद्धा जन्मतःच गुन्हेगार ठरे, रोज हजेरी द्यावी लागे, बाहेर जायचे तर परवाना. त्या वसाहतीत बाळूताईंनी अधिकारी म्हणून चार वर्षे काम केले. जे पाहिले ते मनात ठेवले आणि १९५० साली ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. तो काळा कायदा रद्द झाला १९५२ साली. प्रेमाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईला गंभीर लिहिता येत नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी ‘बळी’ वाचावी. आपल्या नांदेड-लातूरकडे पारधी, कैकाडी, वडार यांची वस्ती गावाबाहेर का असते, आणि चोरी झाली की पोलीस आधी तेथेच का जातात, याचे मूळ त्या तारेत आहे.

मधल्या काळात, १९३८ साली, त्यांचे लग्न झाले. वय तेहतीस. ज्या वयात मुलीचे लग्न होणे संपले असे जग म्हणे, त्या वयात. नवरा विश्राम बेडेकर, अमरावतीचे, सिनेमाच्या धंद्यातले. बाळूताईंच्या त्या झाल्या मालतीबाई बेडेकर. आता गंमत पाहा. लग्नानंतर वर्षभरात, १९३९ साली, विश्रामरावांनी एक कादंबरी लिहिली, ‘रणांगण’. तीही प्रेमाची! युरोपातून मुंबईला येणारी बोट, तिच्यावर चक्रधर नावाचा मराठी तरुण आणि हिटलरच्या राज्यातून पळालेली हॅर्टा ही ज्यू मुलगी. थोड्या दिवसांचे प्रेम, आणि मागे येणारे महायुद्ध. छोटेसे पुस्तक, पण मराठीतल्या उत्तम कादंबऱ्यांत त्याची गणना होते. एका घरात दोघेही प्रेमावर लिहिणारे, आणि दोघांच्याही कादंबऱ्यांत प्रेम शेवटाला पोचत नाही. लग्न सुखाचे झाले की लिहायला विषय उरत नाही म्हणतात, ते या घरात खोटे ठरले असावे. विश्रामरावांनी म्हातारपणी, १९८४ साली, ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे आत्मचरित्र लिहिले आणि त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. त्यात मालतीबाई भेटतात. नवऱ्याने लिहिलेली बायको आणि बायकोने लिहिलेल्या नायिका शेजारी शेजारी ठेवून वाचाव्यात, पुष्कळ कळते.

विभावरी शिरूरकर म्हणजे कोण, हे गुपित पुढे फुटलेच. पण बाईंनी टोपणनाव टाकले नाही. १९५६ साली ‘शबरी’ निघाली, तीही त्याच नावाने. आधी जे पांघरूण होते तेच पुढे लुगडे झाले म्हणा. दरम्यान काळ बदलला होता. ‘स्त्री’ मासिक १९३० पासून चालू होते. १९६० साली ‘मेनका’ निघाले. इतरही मासिके आली. त्यांत लिहिणाऱ्या बायका आपल्या खऱ्या नावाने लिहू लागल्या. योगिनी जोगळेकर, कुमुदिनी रांगणेकर, शकुंतला गोगटे, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे, किती नावे घ्यावीत! योगिनीबाईंनी तर शंभरावर पुस्तके लिहिली, शिवाय त्या गायिकाही होत्या. ही पुस्तके विद्वानांच्या कपाटात नसतात. ती वाचनालयात असतात, पाठीला पट्टी लावलेली, कोपरे दुमडलेली, मधल्या पानावर हळदीचा डाग पडलेली. टीकाकार त्यांना वेळ घालवायची पुस्तके म्हणतात. घालवायला वेळ कुणाजवळ आहे? बाईचा वेळ चोरलेला असतो. जेवणे झाली, भांडी झाली, मुले शाळेतून यायला तासभर आहे, त्या तासातला. त्या तासात तिला दुसऱ्या एका बाईच्या मनात डोकावता आले, तर ते काय थोडे झाले?

या पुस्तकांना खेडोपाडी नेले ते वाचनालयांनी. १९६७ साली महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा झाला, वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि अनुदान मिळू लागले, आणि तालुक्याच्या गावीही वर्गणी भरून कादंबरी घरी नेता येऊ लागली. मी पहिल्यांदा वाचनालयाची सभासद झाले तेव्हाचे सांगते. वाचनालय कुठले ते सांगत नाही. कार्डावर नाव लिहिले गेले ते आमच्या यजमानांचे. मी म्हटले, वाचणार मी, नाव त्यांचे कसे? तर मेजापाठीमागचे गृहस्थ म्हणाले, कुटुंबप्रमुखाचे घालतात ताई, तुम्ही नेत जा. आमच्या यजमानांनी आयुष्यात वर्तमानपत्राखेरीज काही वाचले नाही, पण त्या कार्डाप्रमाणे त्यांनी आजवर दोनशेहून अधिक प्रेमकादंबऱ्या वाचल्या आहेत! घरात यावरून हसतो. पण हसता हसता मला बाळूताई आठवतात. तिने खोट्या नावाने लिहिले आणि मी दुसऱ्याच्या नावाने वाचले. दोन वर्षांपूर्वी मी नवे कार्ड करून घेतले, आता त्यावर माझे नाव आहे.

मालतीबाई म्हाताऱ्या झाल्या तरी मवाळ झाल्या नाहीत. १९८१ साली मुंबईत अखिल भारतीय संमेलनाला पर्याय म्हणून समांतर साहित्य संमेलन भरले, त्याच्या अध्यक्षपदी मालतीबाई बेडेकर होत्या. वय शहात्तरच्या घरात. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी जिचे नाव पुस्तकावर छापता आले नव्हते, ती त्या दिवशी खऱ्या नावाने, सर्वांच्या देखत, व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बसली. १९९८ साली विश्रामराव गेले. मालतीबाई नव्वदी ओलांडून २००१ साली वारल्या. विसावे शतक जवळजवळ सगळे त्यांनी पाहिले.

कुठून वाचायला सुरुवात करावी असे ज्या भगिनी मला विचारतात, त्यांना सांगते. पहिल्याने ‘कळ्यांचे निःश्वास’ घ्यावे, कारण त्या सुट्या कथा आहेत, रोज एक वाचून होते. भाषा जुनी आहे, चार पाने अवघड जातील, मग जात नाहीत. त्यानंतर ‘विरलेले स्वप्न’. ‘रणांगण’ दोन दुपारींत संपते. ‘बळी’ मात्र एकटीने वाचू नये, कुणाबरोबर तरी वाचावी, म्हणजे बोलायला माणूस असते. ‘विरलेले स्वप्न’ची एक प्रत आमच्या वाचनालयात आहे. तिच्या मागच्या पानावर परतीच्या तारखांचे शिक्के आहेत. मी ते एकदा बोट ठेवून पाहिले. निम्म्याहून अधिक शिक्के मे महिन्याचे आहेत. तेव्हा लेकी माहेरी आलेल्या असतात.